चार जणांचा प्रभाग आहेच, मोजणी तेवढी बदलूया (नाशिक)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर लुटुपुटूची निवडणूक घेतली. ६० घरं, घरटी एक मतदार, निवडायचे चार जण. ए विंगची ३२ घरं, बी विंगची १७, मागच्या रो-हाउसची ११. पहिल्यांदा महापालिकेसारखं मतदान केलं. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. ए विंगने चारही जागी आपला माणूस उभा केला. समोर बी विंगचे तिघे आणि रो-हाउसच्या एक काकू. चारही निकाल ३२ विरुद्ध २८. म्हणजे २८ घरांच्या वाट्याला शून्य.

मग त्याच आठ जणांसाठी दुसरी चिठ्ठी वाटली. नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, मत एकच. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढला: ६० भागिले ५ (चार जागा अधिक एक), अधिक १, म्हणजे १३. ए विंगच्या पहिल्या उमेदवाराला १४ आणि बी विंगच्या पहिल्याला १३, दोघे लगेच निवडून आले. ए च्या दुसऱ्याला १० होती. पहिल्याचं एक जादा मत त्याच्याकडे सरकलं, शेवटून बाद झालेल्या त्यांच्याच उमेदवाराची तीन आली, तोही बसला. आता एक जागा उरली. काकूंकडे त्यांची ११, ए च्या तिसऱ्याकडे ६, बी च्या दुसऱ्याकडे ४. सगळ्यात कमी ४, म्हणून तो बाद. त्या चारही चिठ्ठ्यांवर पुढची पसंती काकूंना होती. चिठ्ठ्या काकूंच्या ढिगावर ठेवल्या आणि १५ झाल्या. अंतिम निकाल ए दोन, बी एक, रो-हाउस एक. गच्चीवर क्षणभर कोणी बोललंच नाही. मग ए विंगचेच एक आजोबा म्हणाले, "हे बरोबर वाटतंय."

हा धागा त्यासाठी काढलाय. 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व', म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, म्हटलं की लोकांना जर्मनी, न्यूझीलंड आठवतं आणि हे आपल्यासाठी नाही असं वाटतं. पण नाशिक महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ३१ प्रभाग होते. त्यातले २९ चार सदस्यांचे, उरलेले दोन प्रभाग तीन सदस्यांचे, एकूण १२२ नगरसेवक. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक परिषदांच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी तीन-चार सदस्यांच्या प्रभागांतच होतात, फक्त मतं पसंतीक्रमाने मोजली जातात. म्हणजे तिथला सांगाडा आपल्याकडे आधीच उभा आहे. नकाशा बदलायला नको, नगरसेवकांची संख्या बदलायला नको. मतपत्रिका आणि मोजणी बदलायची.

आपण मात्र या सांगाड्यातून उलटंच काम करून घेतो. चार जागा, चार वेगळी मतं, त्यामुळे प्रभागात ज्याचा गट थोडा मोठा त्याचं अख्खं पॅनेल येतं. २०१७ ला भाजप ६६, शिवसेना ३५, काँग्रेस ६, राष्ट्रवादी ६, मनसे ५. त्याआधी २०१२ ला दोन सदस्यांचे प्रभाग होते आणि मनसे ४० जागांवर पहिली होती. २००७ ला एकेक वॉर्ड, २००२ ला तिघांचा प्रभाग. महाविकास आघाडीच्या काळात पुन्हा तिघांचा ठरला, २०२२ ला सरकार बदललं तसा परत चौघांचा. ज्याचं राज्य त्याच्या सोयीचा प्रभाग. यात मतदाराला कोणी विचारलं नाही आणि मोजणीला तर कोणी हातच लावला नाही.

मला हे मनापासून लावून धरायचं आहे. सूचना, विरोध, चुका, सगळं सांगा.

पंचवटी_जुना

कळकळ समजते, पण मला पटलेलं नाही. प्रमाणशीर पद्धत म्हणजे दहा पक्षांची खिचडी. आज दोन पक्षांत नगरसेवक इकडून तिकडे उड्या मारतात, उद्या सहा पक्षांत मारतील. महापौराच्या निवडणुकीआधी सहली काढतात त्या बसेसची संख्या वाढेल, एवढंच. आणि खुद्द बाबासाहेबांनी संविधान सभेत या पद्धतीला विरोध केला होता. त्यांना कळत नव्हतं का?

देवळालीगाव

पंचवटी काका, बाबासाहेबांचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या घरात हा विषय तीन पिढ्या चालत आलाय.

जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन आणि के. टी. शाह यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर पद्धतीची मागणी केली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली, हे खरं. त्यांची कारणंही वाचा. मोठ्या प्रमाणावर साक्षरता असल्याशिवाय पसंतीक्रम चालणार नाही, आणि सभागृहाचे फार तुकडे झाले तर नव्या देशाचं सरकार टिकणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ ला महाराष्ट्राची ८२ टक्क्यांच्या वर होती. पहिलं कारण काळानेच मागे टाकलं. दुसरं कारण सरकार टिकण्याचं. महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. सभागृहात कोणालाच बहुमत नसलं तरी पाणी सोडणं आणि घंटागाडी थांबत नाही. विधानसभेचं भय इथे लावता येत नाही.

आणि ज्या संविधानाचा दाखला तुम्ही देताय, त्यातच राज्यसभेसाठी, विधान परिषदेसाठी, राष्ट्रपतींसाठी 'एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व' असे शब्द आहेत, म्हणजे हीच पसंतीक्रमाची पद्धत. आमदारांना ही पद्धत चालते.

आता जुनी गोष्ट. १९३७ ची मुंबई प्रांताची निवडणूक बहुसदस्य मतदारसंघांत झाली. जितक्या जागा तितकी मतं, आणि हवं तर सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. या मुभेसाठी बाबासाहेब आग्रही होते, कारण विखुरलेल्या, संख्येने कमी असलेल्या माणसाला आपलं बळ एका जागी गोळा करता येत होतं. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला तो याच निवडणुकीत. आपल्या नाशिक जिल्ह्यातून दादासाहेब गायकवाड निवडून गेले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात १९३० पासून राबलेला माणूस सात वर्षांनी कायदेमंडळात बसला. १९५२ ला दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, पण दोन्ही मतं एकाला द्यायची मुभा गेली होती. त्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून हरले.

मोजणीचा नियम बदलला की कोण आत बसतं हे बदलतं. आमच्या आजोबांना हे कोणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही.

इंदिरानगरकर

दादा, हे मला माहीत असायला हवं होतं. पत्रकात सगळ्यात वर हेच घेतो. आमच्या पहिल्या पत्रकात स्कॉटलंड आणि आयर्लंड होतं, नाशिक जिल्हा नव्हता. चूक झाली.

पंचवटी काका, सहलींचा राग मलाही आहे. पण माणसं फुटतात कधी? सीमारेषेवर दोन-चार डोकी इकडे-तिकडे झाली की सत्ता पलटते तेव्हा. ती रेषा या पद्धतीनेही राहील, मान्य. मात्र बहुतेक प्रभागांतून विरोधी मताचा एक तरी माणूस सभागृहात असेल आणि आयत्या वेळी मांडलेला ठराव वाचून दाखवा म्हणायला कोणीतरी उठेल.

आणखी एक, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. महापालिकेत स्थायी समितीचे १६ सदस्य आणि स्वीकृत नगरसेवक कसे ठरतात? पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर. महापालिका अधिनियमाच्या कलम ३१अ मध्येच तशी तरतूद आहे. १२२ पैकी ६६ असले तर १६ मध्ये ८.६६ येतात आणि त्या दशांशावरून कोर्टापर्यंत भांडायची पक्षांची तयारी असते. म्हणजे नगरसेवकांना एकमेकांत वाटणी करताना प्रमाण हवं असतं. तोच न्याय मतदाराला लावा, एवढंच मागतोय आपण.

उत्तमनगर_सिडको

मी या विषयावर पुस्तकी काही बोलणार नाही. मी उभी राहिले होते, ते सांगते.

महिला राखीव जागा, चार जणांचं पॅनेल. पक्षाचं नाव लिहीत नाही. तिकीट मिळालं तेव्हा पहिला प्रश्न होता, पॅनेलच्या खर्चात तुमचा वाटा किती. बचत गटाच्या सोळा वर्षांच्या कामाबद्दल कोणी विचारलं नाही. पत्रकावर चार फोटो, माझा सगळ्यात लहान. प्रचारात घराघरांत एकच प्रश्न, "ताई, बाकीचे तिघे कोण?" त्यातल्या एकाबद्दल लोक नाराज होते. माझ्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तुम्हाला द्यायचंय हो, पण तो नको. मी सांगायचे, चारही मतं वेगळी आहेत, मला द्या, त्याला देऊ नका. पण आमचाच कार्यकर्ता मागून सांगत यायचा, एकाच चिन्हावर चार वेळा बटण दाबा, नाहीतर मत वाया जाईल. पडले. सगळं पॅनेलच पडलं. समोरचे चारही आले, त्यातल्या एका नगरसेविकेला प्रभाग समितीच्या बैठकीला तिच्या मिस्टरांशिवाय मी कधी पाहिलं नाही.

पसंतीक्रम असता तर मला माझ्या कामावर पहिली पसंती मागता आली असती. दुसऱ्या पक्षाच्या मतदाराकडेही जाता आलं असतं, "तुमचं पहिलं मत तुमच्या माणसाला, दुसरं मला." आज त्या घराची बेल मारायलाच उमेदवार जात नाही.

पण मला एक उत्तर हवंय. ५० टक्के महिला आरक्षणाचं काय करणार? अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी? आज जागा ठरलेली आहे, म्हणून बाई उभी तरी राहते. सगळ्यांना एका पत्रिकेत टाकलं तर आमचं काय?

इंदिरानगरकर

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही परवानगी दिली तर नाव न घेता सभेत वाचून दाखवेन.

आरक्षणाला धक्का लागणारी कोणतीही सूचना मी मांडणार नाही. एकाच पत्रिकेत आरक्षण चालवण्याचा अनुभव आपल्या देशात होऊन गेलाय. १९५२ आणि १९५७ ला दोन सदस्यांच्या मतदारसंघांत एक जागा राखीव असायची. आधी राखीव प्रवर्गातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला राखीव जागा द्यायची, मग उरलेल्या सगळ्यांतून सर्वसाधारण जागा भरायची. १९५७ ला पार्वतीपुरममधून व्ही. व्ही. गिरी असेच पडले. दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ते योग्य ठरवलं. म्हणजे आरक्षण ही किमान हमी होती, कमाल मर्यादा नव्हती.

पसंतीक्रमात हाच नियम असा बसेल: चारपैकी दोन महिला यायलाच हव्यात, तर ती संख्या धोक्यात येईल अशा वेळी महिला उमेदवाराला बाद करायचं नाही, तिच्या लगेच वरचा पुरुष बाद करायचा. महिला, ओबीसी आणि अनुसूचित जाती तिन्ही एकाच प्रभागात आले की हिशेब किचकट होतो. आमचा मसुदा इथेच तीन आठवडे अडलाय. हे सुटल्याशिवाय मसुदा कोणाच्या हातात द्यायचा नाही, असं मला वाटतं.

सातपूर_एमआयडीसी

स्पष्ट विचारतो. विधानसभेला ज्यांची धुळधाण झाली त्यांनाच आता प्रमाण आठवतंय ना? जिंकले असते तर हा धागा निघाला असता का?

इंदिरानगरकर

माझा कोणताही पक्ष नाही. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, आपल्याच जिल्ह्याचे आकडे घेऊ.

जून २०२४, लोकसभा. नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव-बागलाण ज्यात येतं तो धुळे मतदारसंघ. तिन्ही महाविकास आघाडीकडे. जिल्ह्यातल्या महायुतीच्या मतदाराला लोकसभेत एकही खासदार नाही. धुळ्याचा फरक तर चार हजारांच्याही आत होता.

नोव्हेंबर २०२४, विधानसभा. जिल्ह्यात १५ जागा. महायुती १४, मालेगाव मध्य एमआयएमकडे, तीही १६२ मतांनी. महाविकास आघाडी शून्य. पाच महिन्यांत सगळं एका टोकाचं दुसऱ्या टोकाला. जिल्ह्यातली सगळी माणसं पाच महिन्यांत बदलली होती का? बदललेली मतं कमीच असतात, ही पद्धत त्यांचा डोंगर करते.

राज्यात लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी, साधारण ४३-४४ टक्के. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. विधानसभेला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांची मिळून ४८ टक्के मतं, जागा २८८ पैकी २३०. शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्के मतं आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के मतं आणि ४१ जागा. त्यांनी किती जागा लढवल्या हे वेगळं होतं, तेही लक्षात घ्यायला हवं. तरीसुद्धा तफावत मोठी आहे.

दोन्ही बाजूंना या पद्धतीने कधी उचललं, कधी आपटलं. बाहेरही तेच. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ ला मजूर पक्षाला ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. तिथे १८८४ पासून इलेक्टोरल रिफॉर्म सोसायटी याविरुद्ध काम करतेय. एवढं जुनं काम आहे हे. महिन्याभरात मोडणार नाही याची मला कल्पना आहे.

सातपूर_एमआयडीसी

लोकसभेचं लक्षात नव्हतं. ठीक. प्रश्न मागे घेतो. आमच्या कंपनीत युनियनच्या निवडणुकीतही असंच पॅनेल सगळं घेऊन जातं आणि कंत्राटी पोरांचं कोणी बोलत नाही. तिथे करून बघता येईल का?

गंगापूररोड_वकील

येईल. युनियनची घटना बघावी लागेल, पण ती सदस्यांच्याच हातात असते.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाचा अनुच्छेद २४३आर सांगतो की नगरपालिकेतल्या जागा प्रभागांतून थेट निवडणुकीने भरायच्या. मतं कशी मोजायची हे त्यात बांधून दिलेलं नाही, ते राज्याच्या कायद्यावर सोडलंय. माझं वाचन असं की प्रभागातून थेट पसंतीक्रमाने निवडायला संविधान बदलावं लागणार नाही, विधिमंडळाने महापालिका अधिनियमात दुरुस्ती केली तरी पुरे. पक्षयादीची पद्धत, म्हणजे मत पक्षाला आणि माणसं त्याच्या यादीतून, मात्र या अनुच्छेदात बसणार नाही, कारण यादीतला माणूस प्रभागातून येत नाही.

लोकसभेची गोष्ट वेगळी. विधी आयोगाच्या १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा वाढवून वाढीव १३८ जागा यादीने भराव्यात अशी शिफारस होती. ती तशीच पडून आहे. माझा यादीला विरोध आहे. यादीतला क्रम मुंबईत-दिल्लीत ठरेल आणि सिडकोच्या ताईंसारखी बाई पुन्हा शेवटच्या क्रमांकावर जाईल. नेपाळने १६५ थेट आणि ११० यादीच्या अशी सांगड घातली आहे. तिथे दलित, जनजाती, स्त्रिया आत आल्या हे खरं. पण त्यांच्याकडे यादीत कोण असावं याचेही नियम कडक आहेत. आपल्याकडे पक्ष ते पाळतील यावर माझा विश्वास नाही.

मखमलाबाद_शेतकरी

मला एक सांगा. आत्ता प्रभागात चार नगरसेवक. गटार तुंबली तर पहिला म्हणतो दुसऱ्याकडे जा, दुसरा तिसऱ्याकडे. आमचा भाग प्रभागाच्या टोकाला, मळ्यात वस्ती विरळ. पॅनेलवाले मतांसाठी दाट वस्तीत फिरतात. तुमच्या पद्धतीत मळ्याकडे कोण येणार?

इंदिरानगरकर

भाऊ, चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात ही चार सदस्यांच्या प्रभागाची खरी दुखरी जागा आहे, मोजणी बदलून ती आपोआप जाणार नाही. पण मळ्याचं गणित बदलतं. चार जागांसाठी कोटा वीस टक्क्यांच्या किंचित वर असतो. प्रभागात २०,००० वैध मतं पडली तर ४,००१. आज तुमच्या वस्तीची अडीच हजार मतं कुठल्याच पॅनेलला आवश्यक वाटत नाहीत. पसंतीक्रमात ती एकत्र राहिली आणि दीड हजारांहून थोडी जास्त दुसरी पसंती बाहेरून मिळवली, की माणूस तुमचा. आयर्लंडमध्ये एकाच पक्षाचे दोघे एकमेकांविरुद्धही काम दाखवत फिरतात. तिथल्या सरकारने १९५९ ला आणि १९६८ ला ही पद्धत काढून टाकायला सार्वमत घेतलं, लोकांनी दोन्ही वेळा नाही सांगितलं.

निवृत्त_गुरुजी

उशिरा आलो, क्षमस्व. मी नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाचा मतदार. पाच जिल्ह्यांची निवडणूक, जागा एक, पण पत्रिका पसंतीक्रमाचीच. लोक म्हणतात सामान्य माणसाला जमणार नाही, म्हणून अनुभव लिहितो.

केंद्रावर जांभळ्या शाईचा पेन देतात, तोच वापरायचा. आकडा लिहायचा, 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. पहिली पसंती कोणालाच दिली नाही किंवा दोघांना दिली तरी बाद. मंडळी, शिक्षक असूनही आमच्यातल्यांची मतं बाद होतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आदल्या दिवशी अर्धा तास समजावलं असतं तर ती वाचली असती. पण बहुतेकांना जमतं, आणि एकदा जमलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

यंत्रावर हे होणार नाही, कागद लागेल. मोजणीला रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो. स्कॉटलंडात कागद स्कॅन करून मोजतात असं वाचलंय. वेळेची तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, मार्च २०२२ ला आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकावर काढली. तेव्हा वेळ नव्हता का जात?

पंचवटी_जुना

गुरुजी, तुमच्या वाक्यावर थांबलो. अजून पूर्ण पटलं नाही, आणि राज्याच्या सरकारसाठी तर मुळीच नाही. पण महापालिकेत आयुक्त असतात हा देवळालीच्या दादांचा मुद्दा खोडता येत नाही. प्रात्यक्षिक कुठे असेल तर मी येईन. ए विंगच्या आजोबांसारखा बसून बघेन.

इंदिरानगरकर

काका, नक्की या. ठरलं ते असं: येत्या दोन रविवारी दोन प्रात्यक्षिकं, एक सातपूरला युनियनच्या मुलांबरोबर, एक उत्तमनगरला ताईंच्या बचत गटात. उमेदवार खोटे, पण अडचणी खऱ्या घ्यायच्या: पाणी, घंटागाडी, पथदिवे, खेळाचं मैदान. बाद मतं का बाद झाली त्याची वेगळी नोंद ठेवायची. आरक्षणाचा नियम उत्तमनगरलाच तपासू. तिथे चुकला तर तो चुकीचा आहे.

उत्तमनगर_सिडको

आमच्याकडे ४० जणी येतील. सहा-सात जणींना आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. त्यामुळे नावाशेजारी चिन्ह मोठं छापा. माझा प्रतिसाद वाचायला माझी हरकत नाही. नाव घेतलंत तरी चालेल.

निवृत्त_गुरुजी

जांभळे पेन मी आणतो. ४० जणी म्हणजे कोटा नऊ. फळा असेल तर सांगा, नाहीतर घरचा घेऊन येतो.